बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर बघा: जुन्या गाडीचं चार्जिंग घरी कसं तपासायचं आणि दुरुस्त करायचं

चौदा महिन्यांत आमच्या गाडीने दोन बॅटऱ्या खाल्ल्या. गाडी २००४ ची मारुती ८००. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली, साताऱ्यात बाबा चालवतात. पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा दुकानदाराने मीटर लावला, "गेलीय" म्हणाला आणि नवी बसवून दिली. काही महिन्यांनी तीही उतरली. पुन्हा तेच दुकान, तेच उत्तर, पुन्हा साडेतीन हजार.

तिसऱ्या वेळी गाडीत मी होतो. रात्री पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकी घाट चढताना हेडलाइट पिवळे पडायला लागले. आधी वाटलं काच घाण झाली असेल. मग हॉर्न दाबला तर त्याचा आवाज घसा बसल्यासारखा. घाटाच्या वरच्या टप्प्यात इंजिन आचके देऊ लागलं. मागे ट्रकची रांग, आणि आपले मागचे दिवे ट्रकवाल्याला दिसतायत की नाही याची खात्री नाही. कसेबसे घाट उतरून एका धाब्यावर थांबलो. तिथे गाडी बंद केली आणि ती पुन्हा चालू झाली नाही.

दोष बॅटरीत नव्हताच. अल्टरनेटरच्या आत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, ते झिजून संपले होते. दोघांची मिळून किंमत शंभर रुपयांच्या आत. वीस वर्षांनी ते झिजणारच होते, त्यात गाडीचा काही दोष नाही. चूक आमची, की दोन बॅटऱ्या बदलेपर्यंत कोणीच पुढे बघितलं नाही. ही दुरुस्ती मी घरी केली. ती कशी केली आणि त्याआधी दोष कुठे आहे हे कसं शोधायचं, ते या लेखात लिहितोय.

बॅटरी म्हणजे पॉवर बँक, अल्टरनेटर म्हणजे चार्जर

फोनची बॅटरी सारखी उतरत असेल तर आपण आधी केबल बदलून बघतो, मग चार्जर. सरळ नवी बॅटरी कोणी आणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र उलटं होतं, कारण बॅटरी डोळ्यांना दिसते आणि अल्टरनेटर इंजिनाच्या बाजूला कुठेतरी लपलेला असतो.

गाडीच्या बॅटरीचं मुख्य काम स्टार्टर फिरवणं. एकदा इंजिन चालू झालं की दिवे, वायपर, पेट्रोल पंप, इंजिनाचा कॉम्प्युटर, तुमचा म्युझिक सिस्टीम हे सगळं अल्टरनेटरवर चालायला हवं आणि त्यातूनच बॅटरीही पुन्हा भरायला हवी. अल्टरनेटर बंद पडला तरी गाडी लगेच थांबत नाही, ती बॅटरीवर चालत राहते. इथेच फसगत होते. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर घेतात. रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप, इग्निशन धरलं की २० अँपिअरच्या आसपास खर्च सहज होतो. कागदावर पावणेदोन तास मिळतात. पण बॅटरी आधीच अर्धी असेल आणि रात्रीचा प्रवास असेल, तर पुणे ते खंबाटकी एवढंच अंतर जमतं, हे आता अनुभवाने सांगतो.

(जाता जाता: "गाडीत फोन चार्जिंगला लावू नको, बॅटरी उतरते" असं घरात कोणी म्हणत असेल, तर २० वॉटचं चार्जिंग म्हणजे दीड अँपिअरही नाही. इंजिन चालू असताना ते हिशोबात धरायची गरज नाही.)

आत काय आहे? मधे फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्याच्यावर तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. तिच्यातून थोडासा, तीन-चार अँपिअर करंट गेला की रोटर विद्युतचुंबक बनतो. पट्ट्यामुळे तो फिरतो आणि भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांमध्ये, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज तयार होते. ही वीज एसी असते. बॅटरीला डीसी लागते, म्हणून सहा डायोडचा एक संच तिला एकाच दिशेने वळवतो. आणि व्होल्टेज फार वर जाऊ नये म्हणून रेग्युलेटर रोटरचा करंट कमी-जास्त करत राहतो.

आता प्रश्न असा, की फिरत्या रोटरला करंट द्यायचा कसा? वायर जोडली तर ती पीळ पडून तुटेल. म्हणून रोटरच्या दांड्यावर तांब्याच्या दोन गुळगुळीत कड्या असतात, त्यांना स्लिप रिंग म्हणतात. त्या कड्यांवर स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे दोन ब्रश घासत राहतात. अख्ख्या अल्टरनेटरमध्ये झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू म्हणजे हे ब्रश. बाकी झिजतात ती दोन बेअरिंग.

गॅरेजमधली नावं

बाजारात जाऊन "अल्टरनेटर" म्हणालात तर कळेल सगळ्यांना, पण मिस्त्री स्वतः त्याला "डायनॅमो" म्हणतो, ब्रशला "कार्बन" आणि रेग्युलेटरला "कटआऊट". मला आधी हे चुकीचं वाटायचं. पण त्यामागे खरा इतिहास आहे. सुरुवातीच्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांमध्ये खरोखर डायनॅमोच होता. तो थेट डीसी द्यायचा, पण इंजिन हळू फिरत असताना त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी व्हायचं आणि वीज उलटी बॅटरीतून डायनॅमोत जायची. ते थांबवायला एक रिले असायचा, जो जोडणी तोडायचा. तोच कटआऊट. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर गाड्यांमध्ये आला, अमेरिकेत १९६० च्या क्रायसलर व्हॅलियंटमध्ये तो सगळ्या गाड्यांना दिला गेला. डायोड मुळातच उलटी वीज जाऊ देत नाहीत, त्यामुळे कटआऊटची गरज संपली. नाव मात्र राहिलं आणि शेजारच्या रेग्युलेटरला चिकटलं. कोडमध्ये जुन्या व्हेरिएबलचं नाव राहून जातं, तसंच.

आधी मोजा, मग पाना घ्या

एक साधा डिजिटल मल्टीमीटर लागेल. तो नसेल तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा, आकडा दाखवणारा यूएसबी चार्जरही ढोबळ अंदाज देतो. आकडा ०.२ व्होल्टने इकडेतिकडे असू शकतो, पण १२ आणि १४ मधला फरक त्यावर नक्की कळतो.

गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग गाडी चालू करा आणि पुन्हा तिथेच मोजा. निरोगी अल्टरनेटर असेल तर १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा दिसतो. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर असेल तर तो, सगळं चालू करा आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला कोणाला तरी बसवा. आकडा १३.५ च्या वर टिकायला हवा.

आमच्या गाडीचे आकडे असे होते: उभी असताना १२.१, चालू असताना १२.०, दिवे लावल्यावर ११.६ आणि उतरतच चाललेला. म्हणजे अल्टरनेटर काहीच देत नव्हता.

उलटी बाजूही सांगून ठेवतो. चालू गाडीत १५ च्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर गेलाय. अशा गाडीत बॅटरी "उकळते", पाणी लवकर कमी होतं, बल्ब वरचेवर उडतात. अशी गाडी चालवू नका.

मग ब्रश की डायोड की वायर, हे ओळखायचं. इथे तीन-चार युक्त्या आहेत.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बघा. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, तो लागायलाच हवा आणि इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. अनेक जुन्या गाड्यांमध्ये हा दिवा नुसता सूचना देत नाही. रोटरला सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो. म्हणजे बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरू होत नाही. आमचा दिवा विझायचा, पण पूर्ण नाही. रात्री अंधारात अगदी मंद लाल दिसायचा. मी बाबांना विचारलं, "हा कधीपासून असा?" ते म्हणाले, "अरे तो तसाच असतो, पावसाळ्यापासून." चार महिने गाडी स्वतःच सांगत होती.

दुसरी युक्ती चुंबकाची. चावी ऑन, इंजिन बंद. अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ एखादा पाना नेला तर तो ओढल्यासारखा व्हायला हवा, कारण रोटरमध्ये करंट जातोय. ही जुनी पद्धत. आपल्या हातात मात्र फोन आहे आणि त्याच्यात होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतोच. चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये दाखवणारं कुठलंही अ‍ॅप उघडा. मोकळ्या जागेत आपल्याकडे सुमारे ४० चा आकडा दिसतो. इंजिनाजवळ लोखंडामुळे तो काहीही दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. फक्त चावी ऑफ आणि ऑन यातला फरक बघा. फोन एकाच जागी स्थिर धरायचा. चांगल्या अल्टरनेटरला आकडा ठळक उडी मारतो. आमच्याकडे ढिम्म हलला नाही. (नंतर नकाशात बाण चुकीच्या दिशेला दिसला तर घाबरू नका, फोन इंग्रजी आठच्या आकारात हवेत फिरवला की होकायंत्र पुन्हा जागेवर येतं.)

तिसरी: इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. पट्ट्यापासून हात लांब, बाह्या वर, गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड काढून ठेवलेलं. टकटक करताच व्होल्टेज क्षणभर वर गेलं, तर ब्रश संपत आलेत हे जवळजवळ नक्की. धक्क्याने ब्रश क्षणभर कडीला टेकतो. आमचा आकडा १३.९ वर गेला आणि परत खाली आला. तिथे मला हसूच आलं. दोन बॅटऱ्यांचा घोळ एका टकटकीत सुटला.

चौथी डायोडसाठी. मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून चालू गाडीत बॅटरीवर मोजा. बऱ्याच मीटरवर ०.१ च्या खाली दिसतं. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड गेला असण्याची शक्यता मोठी. अजून एक खूण: गाडी बंद करून काही तास झाल्यावर, इंजिन गार झालेलं असताना अल्टरनेटरला हात लावा. तो एकटाच कोमट असेल तर डायोड शॉर्ट आहे आणि रात्रभर बॅटरी त्याच्यातून रिकामी होतेय.

हे मात्र करू नका

इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, ही चाचणी अजूनही सर्रास केली जाते. डायनॅमोच्या काळात ती चालून गेली. आज बॅटरी काढल्याक्षणी अल्टरनेटरचं व्होल्टेज सावरायला काही उरत नाही आणि ते एकदम उसळतं. त्यात डायोड, रेग्युलेटर किंवा इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. २००४ च्या ८०० मध्येसुद्धा इंजेक्शन आणि कॉम्प्युटर आहे. कोणी टर्मिनलला हात घालायला लागला तर सरळ थांबवा, वाईट वाटलं तरी चालेल.

काढणं

इंजिन पूर्ण गार. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. हे सोडू नका, कारण अल्टरनेटरच्या मागे जी जाड वायर येते ती थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते आणि चावी बंद असतानाही तिच्यात पूर्ण ताकद असते. तिच्यावर लावलेला पाना इंजिनाला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

वायर काढण्याआधी फोनने फोटो काढा. एक लांबून, दोन जवळून. पट्ट्याचा मार्गही फोटोत येऊ द्या. आपल्याला वाटतं लक्षात राहील. राहत नाही.

वर पट्टा ताणायचा एक बोल्ट असतो, खाली एक लांब बोल्ट, ज्याच्यावर अल्टरनेटर झुलतो. दोन्ही सैल करायचे, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलायचा, पट्टा काढायचा, मग बोल्ट पूर्ण काढायचे. आमच्याकडे १२ आणि १४ च्या पान्यांत काम झालं, तुमच्या गाडीत वेगळे लागतील. खालचा बोल्ट वीस वर्षं कोणी हलवला नव्हता. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी सुटला. जोर लावून तोडू नका, तुटलेला बोल्ट काढणं हे वेगळंच आणि दुप्पट मोठं काम आहे.

पट्टा हातात आल्यावर उलटा करून वाकवा. आतून चिरा दिसल्या तर नवा घ्या. आमच्या गाडीत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तो तुटला तर चार्जिंग तर जाईलच, इंजिनही तापेल.

उघडणं आणि कार्बन बदलणं

अल्टरनेटरचे दोन प्रकार भेटतात. काहींमध्ये ब्रशचा डबा मागून दोन-तीन स्क्रू काढले की बाहेर येतो. काहींमध्ये चार लांब बोल्ट काढून अख्खं कवच दोन भागांत उघडावं लागतं. आमचा सुदैवाने पहिल्या प्रकारचा निघाला. मागची पत्र्याची टोपी काढली, आतून काळी भुकटी पडली. ही कार्बनची धूळ. तोंडाने फुंकू नका, मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. आणि काही ठिकाणी सगळं पेट्रोलने धुतात, ते घरी अजिबात नको. आगीची भीती आहेच, शिवाय गुंडाळ्यांवरचं व्हार्निश खराब होऊ शकतं.

ब्रशचा डबा हातात घेतला तेव्हा एक ब्रश दोन मिलिमीटर बाहेर दिसत होता आणि दुसरा जवळजवळ दिसतच नव्हता. नवा असतो तेव्हा साधारण एक सेंटीमीटर बाहेर असतो. स्प्रिंग ढकलायचं काम करत होती, पण ढकलायला काही उरलंच नव्हतं.

नवे बदलण्याआधी दोन मापं घ्या. मल्टीमीटर ओहमवर लावून दोन स्लिप रिंगच्या मधला रोध मोजा. १२ व्होल्टच्या गाड्यांमध्ये तो साधारण २ ते ४ ओहम येतो. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध त्यातून वजा करायला विसरू नका, स्वस्त मीटरवर तोच अर्धा ओहम निघतो. मग एक टोक कडीवर आणि दुसरं रोटरच्या लोखंडावर ठेवा. इथे काहीच जोडणी दिसता कामा नये. दिसली तर गुंडाळी जळलीय. मग ब्रश बदलून उपयोग नाही, रोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या किंवा बदला.

कड्या काळ्या पडलेल्या असतील तर ४०० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरची पट्टी कडीभोवती धरून रोटर हाताने फिरवा. एकाच जागी घासलं तर तिथे सपाट पडते आणि नवा ब्रश तिथे उडी मारतो. कडीवर नखाला लागेल एवढी खोल खाच असेल तर लेथचं काम आहे, तिथे हट्ट करू नका.

ब्रश आणायला जुना हातात घेऊन गेलो. साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने तो दोन बोटांत फिरवला आणि म्हणाला, "दादा, डायनॅमोचं कार्बन गेल्यात निस्तं, बाकी काय न्हाय. बॅटरी कशाला बदलत बसला?" मग त्याने डब्यातून जोडी काढून दिली आणि एक गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नव्हती. ब्रशला मागून तांब्याची विणलेली मऊ वायर असते, ती डब्याला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडायची असते. सोल्डर जास्त वेळ तापवलं तर ते त्या विणीतून वर चढतं आणि वायर काडीसारखी कडक होते. मग ब्रश झिजत जाईल तसा पुढे सरकू शकत नाही, अडकतो आणि नवा ब्रश असूनही चार्जिंग बंद. "पक्कडीनं वायर मधी धरायची, मंग डाग," तो म्हणाला. पक्कडीचं लोखंड उष्णता शोषून घेतं आणि सोल्डर तिथेच थांबतं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न या जाड जोडणीला पुरला नाही, शेजाऱ्यांचा ६० वॉटचा आणला. गरम आणि पटकन, हा नियम.

सोल्डर झाल्यावर ब्रश बोटाने आत दाबून सोडा. तो झटकन बाहेर यायला हवा. घासत, रेंगाळत येत असेल तर बाजू पॉलिश पेपरवर हलकेच एकदा घासा.

आता डबा परत बसवताना दोन्ही ब्रश आत दाबून धरायला हवेत, नाहीतर ते कड्यांना अडून मोडतात. बऱ्याच डब्यांना त्यासाठी एक बारीक भोक असतं. मी फोनची सिम काढायची पिन त्यात घातली, डबा बसवला, स्क्रू आवळले आणि पिन ओढली. दोन्ही ब्रश कड्यांवर टेकल्याचा बारीक आवाज आला. पिन काढायला मात्र विसरू नका.

बेअरिंगबद्दल थोडक्यात

पुली हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा दांडा बाजूला हलला तर बेअरिंग गेलं. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो आणि हा नंबर जगभर एकच अर्थ सांगतो. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. कंपनी कुठलीही असो. पुढे टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील, झेडझेड असेल तर पत्र्याचं. म्हणून "अमुक गाडीच्या डायनॅमोचं बेअरिंग द्या" असं न म्हणता नंबर सांगा, चांगलं आणि बहुतेकदा स्वस्त मिळतं. पण ते काढायला पुलर आणि बसवायला प्रेस लागते. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग पहिल्याच दिवशी आतून दुखावतं. हे काम मी घरी करत नाही.

बसवल्यावर आकडा कमी का?

बसवणं म्हणजे काढण्याचा उलटा क्रम, फोटो समोर ठेवून. पट्ट्याचा ताण अंगठ्याने तपासा: दोन पुलींच्या मधे जोरात दाबलं की एक सेंटीमीटरच्या आतबाहेर दबायला हवा. सैल असेल तर चालू करताना किंचाळतो, फार ताठ असेल तर बेअरिंग खातो. निगेटिव्ह टर्मिनल सगळ्यात शेवटी.

गाडी चालू केली. लाल दिवा पूर्ण विझला. बाबा बोनेटपाशी उभे होते, मी मीटर लावला: १३.३. दिवे लावल्यावर १२.९. बाबा खूश, मी नाही. शून्यापेक्षा बरं, पण एवढ्यावर बॅटरी कधी पूर्ण भरणार नाही.

मग मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि दुसरं त्याच्याच कवचावर ठेवलं. तिथे १४.२. म्हणजे अल्टरनेटर नीट देतोय, वाटेत कुठेतरी गळती आहे. हे शोधायची पद्धत सोपी आहे. दिवे चालू ठेवून अल्टरनेटरचा बोल्ट ते बॅटरीचा पॉझिटिव्ह असं मोजा. ०.२-०.३ पेक्षा जास्त यायला नको. माझं ०.२ आलं. मग अल्टरनेटरचं कवच ते बॅटरीचा निगेटिव्ह मोजा. इथे ०.१-०.२ च्या वर यायला नको. माझं १.१ आलं.

गुन्हेगार होती अर्थची वायर, इंजिनापासून बॉडीला जाणारी विणलेली पट्टी. तिच्या टोकाखाली हिरवट पांढरी बुरशी चढलेली. बोल्ट काढला, दोन्ही पृष्ठभाग चमकेपर्यंत घासले, पट्टी नवी टाकली, वर थोडं ग्रीस. आता बॅटरीवर १४.१, सगळे दिवे लावून १३.८. एकाच वेळी दोन बग होते. पहिला सापडल्यावर थांबलो असतो तर तिसरी बॅटरीही गेली असती.

तुमची गाडी नवीन असेल तर हे आकडे जसेच्या तसे लावू नका. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनाचा कॉम्प्युटरच अल्टरनेटरला सांगतो किती द्यायचं. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम १२.८ पर्यंतही उतरवतो आणि ब्रेक मारताना वर नेतो. तिथे कमी आकडा दिसला म्हणून अल्टरनेटर खोलायला बसू नका. सौम्य हायब्रिड गाड्यांमध्ये तर अल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करतो, त्याला घरी हात लावायचा नाही.

आणि पूर्ण रिकामी झालेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेऊ नका. तो तिला टिकवण्यासाठी आहे. रिकामी बॅटरी ओढेल तेवढं द्यायला जाऊन तो तापतो. आधी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावा, मग गाडीत टाका. दुरुस्तीनंतर आम्ही तेच केलं. बाबा म्हणाले, "दुकानदाराने बाद ठरवलेली पहिली बॅटरी बदल्यात दिली नसती, तर तीही भरून बघितली असती."

सॉकेटमध्ये आता आकडा दाखवणारा चार्जर कायमचा लावलाय. मागच्या बेअरिंगचा आवाज अजून थोडा घरघरतो, स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिथे टेकवून मुठीला कान लावला की ऐकू येतो. नंबरचा फोटो फोनमध्ये आहे. पुढच्या सुट्टीत अल्टरनेटर काढून त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीकडे प्रेसवर बसवून आणणार आहे.